रक्त न लागलेला कागद

कसाबला तुरुंगात बिर्याणी मिळायची, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. रिक्षावाल्यापासून निवृत्त हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे. अडचण एवढीच की ते खरं नाही. मार्च 2015 मध्ये जयपूरला दहशतवादविरोधी परिषदेसाठी गेलेल्या, कसाब खटल्यातल्या विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच पत्रकारांना सांगून टाकलं, की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि सरकारने ती दिलीही नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट तयार होतेय असं वाटल्यामुळे ती गोष्ट आपणच रचली, असंही ते म्हणाले. या खुलाशाला दहा वर्षं उलटली, तरी बिर्याणी काही शिळी होत नाही.

ती टिकून आहे, कारण तिच्यामागचा प्रश्न खरा आहे. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत 10 हल्लेखोर उतरले आणि 166 माणसं गेली. त्या दहांपैकी एकच, कसाब, जिवंत हाती लागला, तोही सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर घेत त्याच्या बंदुकीची नळी सोडली नाही म्हणून. सीएसटीवर रायफल घेऊन चालणाऱ्या त्या पोराचा सेबॅस्टियन डिसूझा यांनी काढलेला फोटो साऱ्या जगाने पाहिला. एवढं झाल्यावर त्याला वकील कशाला? खटला, मग हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, मग राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. हा सगळा सोपस्कार कुणाच्या भल्यासाठी? आणि ‘मानवाधिकार’ नावाची जी काही चीज आहे, ती नेहमी मारणाऱ्याच्याच बाजूला कशी काय उभी असते?

प्रश्न रागाचा आहे आणि तो राग समजण्यासारखा आहे. पण त्याचं उत्तर शोधायला दयामायेच्या गोष्टींकडे जायची गरज नाही. ते कोर्टाच्या कागदपत्रांतच सापडतं.

वकील मिळाला, तो कुणाच्या कामाला आला?

हल्ल्यानंतर मुंबईतल्या एका वकील संघटनेने कसाबची केस कुणीही घेऊ नये असा ठराव केला. पुढे कोर्टाने एका वकील बाईंची नेमणूक केली, पण त्या हल्ल्यातल्या एका साक्षीदाराचंही काम पाहत असल्याचं उघड झाल्यावर ती रद्द झाली. मग अब्बास काझमी आले, त्यांना खटला चालू असतानाच दूर करण्यात आलं, आणि के. पी. पवार यांनी बाकीचं काम पुरं केलं. आर्थर रोड तुरुंगातच उभारलेल्या विशेष कोर्टात न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी 6 मे 2010 ला फाशीची शिक्षा सुनावली.

त्याच निकालातला दुसरा भाग मात्र बहुतेकांच्या लक्षात नाही. कसाबबरोबर पिंजऱ्यात आणखी दोन आरोपी होते, दोघेही भारतीय. त्यांनी हल्ल्याच्या ठिकाणांची पाहणी करून हाताने नकाशा काढला, तो लष्कर-ए-तैयबाकडे पोचवला, आणि कसाबचा साथीदार अबू इस्माईल मारला गेला तेव्हा तो त्याच्या पँटच्या खिशात मिळाला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. कोर्टाने तो नकाशा पाहिला. अबू इस्माईलची पँट रक्ताने भिजलेली होती. नकाशावर मात्र रक्ताचा डाग नव्हता, आणि तो चुरगळलेलाही नव्हता. ज्या न्यायाधीशांनी कसाबला फाशी दिली, त्यांनीच या दोघांना सोडून दिलं. हायकोर्टाने आणि 29 ऑगस्ट 2012 ला सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं.

आपण सराफाकडे दागिना मोडायला नेला, की तो आधी दगडावर घासून बघतो. आपण चोर आहोत असं त्याला वाटत असतं अशातला भाग नाही, आणि दागिन्यावर त्याचं प्रेम असतं असंही नाही. घासल्याशिवाय त्याला सोनं कळत नाही, इतकंच. आरोपीचा वकील, उलटतपासणी, पोलिसांपासून स्वतंत्र असलेला न्यायाधीश आणि अपील, हे सगळं मिळून घासायचा दगड आहे. कसाबच्या बाबतीत पुरावा घासला तेव्हा तो बावनकशी निघाला: फोटो, प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार, फोनवरचं पकडलेलं संभाषण, बोटीवरचं जीपीएस यंत्र. नकाशा घासला तेव्हा पितळ निघालं. दगड एकच होता. कसाबसाठी तो बाजूला ठेवा असं जो म्हणतो, तो त्या दोघांसाठीही तो बाजूला ठेवायला सांगत असतो.

सावलीत बसलेला शिपाई

आता पुराव्याच्या सगळ्यात मोहक प्रकाराकडे येऊ: कबुलीजबाब. आरोपीनेच ‘हो, मी केलं’ म्हटलं की संपलं, असं आपल्याला वाटतं. सिनेमांमध्येही तिथेच संपतं. कायदा मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ याच्या अगदी उलट सांगतो: पोलिसाजवळ दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25 हेच होतं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कलम 23 म्हणून जसंच्या तसं आलं आहे.

हा नियम मानवाधिकारवाल्यांनी आणलेला नाही. तो इंग्रज सरकारने आणला, आणि भलेपणाने आणला असंही नाही. 1855 मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. महसूल आणि कबुल्या वसूल करण्यासाठी लोकांना कसकसं पिळलं जातं, याचं वर्णन त्यात होतं. पुरावा कायदा लिहिणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीही एका अनुभवी अधिकाऱ्याचं निरीक्षण नोंदवून ठेवलं आहे. त्याचा मथितार्थ असा, की पुरावा शोधायला उन्हातान्हात हिंडावं लागतं, डोळ्यांत मिरची चोळायला मात्र सावली पुरते. या मारहाणीमागे क्रूरपणाइतकाच आळस असतो, ही त्या अधिकाऱ्याने पाहिलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कबुली मिळाली की तपास थांबतो. आणि मार खाणारा माणूस खरं बोलत नाही, मारणाऱ्याला जे ऐकायचं आहे ते बोलतो.

कायद्याने त्यातून दोन वाटा मोकळ्या ठेवल्या. एक म्हणजे शोध: आरोपी म्हणाला की पिस्तूल विहिरीजवळ पुरलंय आणि ते तिथे खरोखर सापडलं, तर त्याच्या बोलण्यातला तेवढा भाग चालतो, कारण पिस्तूल खोटं बोलत नाही. दुसरी म्हणजे मॅजिस्ट्रेट. कबुली द्यायचीच असेल तर ती मॅजिस्ट्रेटपुढे द्यावी. तिथे पोलीस हजर नसतात. ‘तू कबुली द्यायला बांधील नाहीस, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल’ हे आरोपीला आधी सांगावं लागतं आणि विचार करायला वेळ द्यावा लागतो. कसाबचा कबुलीजबाब फेब्रुवारी 2009 मध्ये असाच नोंदवला गेला. त्याला पोलिसांच्या ताब्यातून काढून न्यायालयीन कोठडीत ठेवलं होतं, विचाराला अवधी दिला होता. पुढे त्याने शब्द फिरवला, तरी सुप्रीम कोर्टात ती कबुली टिकली. खबरदारी घेतली होती म्हणून टिकली.

एकच अपवाद, तीन कायदे

मग दहशतवादासाठी वेगळे कायदे आले आणि त्यांनी नेमका हाच नियम मोडला. 1987 च्या टाडात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य ठरली. महाराष्ट्राने 1999 मध्ये संघटित गुन्हेगारीसाठी मकोका आणला, त्यातही ती तरतूद आली. 2002 च्या पोटातही आली. तर्क असा, की शिपाई मिरची चोळेल पण एसपी चोळणार नाही. 1994 मध्ये करतारसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने काही पथ्यं घालून टाडाची ही तरतूद वैध ठरवली. पण फेब्रुवारी 1995 मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी सगळ्या खासदारांना पत्र लिहून टाडाची मुदत वाढवू नका असं सांगितलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो संपला. पोटा 2004 मध्ये रद्द झाला. मकोका अजून आहे.

या अपवादाने काय साधलं, ते दोन खटल्यांत पाहता येतं.

24 सप्टेंबर 2002 ला गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात दोन हल्लेखोर घुसले आणि त्यांनी तीसहून अधिक माणसं मारली. दोघेही कमांडो कारवाईत ठार झाले. जवळजवळ वर्षभर तपासाला दिशा नव्हती. मग सहा जण पकडले गेले, पोटाखाली कबुल्या नोंदवल्या गेल्या आणि तिघांना फाशीची शिक्षा झाली. हायकोर्टाने ती कायम केली. 16 मे 2014 ला, म्हणजे सारा देश लोकसभेच्या निकालांकडे डोळे लावून बसला होता त्या दिवशी, न्यायमूर्ती ए. के. पटनाईक आणि व्ही. गोपाळ गौडा यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. कबुल्या त्यांनी नाकारल्याच, पण आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेला आली. हल्लेखोरांच्या खिशात दोन उर्दू पत्रं मिळाली, असा पोलिसांचा दावा होता. मृतदेह गोळ्यांनी चाळण झालेले आणि रक्ताने माखलेले होते. पत्रांवर मात्र ना डाग, ना भोक.

मुंबईच्या नकाशासारखीच ही पत्रंही स्वच्छ. दोन वेगळी राज्यं, दोन वेगळे तपास. एका ठिकाणी पहिल्याच न्यायाधीशाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि दोन माणसं वाचली. दुसऱ्या ठिकाणी कबुल्या हाताशी होत्या, म्हणून कागदाकडे नीट पाहण्याची गरज बारा वर्षं कुणाला वाटली नाही.

दुसरा खटला आपल्या अधिकच जवळचा. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, सगळ्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत, काही मिनिटांच्या अंतराने स्फोट झाले आणि 180 हून अधिक प्रवासी गेले. मकोकाखाली कबुलीजबाब घेतले गेले. 2015 मध्ये विशेष कोर्टाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. 21 जुलै 2025 ला मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती अनिल किलोर आणि श्याम चांडक यांनी बाराही जणांना निर्दोष ठरवलं. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांतले काही भाग सारखेच होते. केईएम आणि भाभा रुग्णालयांतल्या नोंदी छळाच्या शक्यतेकडे बोट दाखवत होत्या. ओळख परेडही टिकली नाही. खोटी उकल लोकांना सुटकेचा निःश्वास टाकायला लावते आणि खरा धोका मोकळाच राहतो, अशा आशयाचं न्यायमूर्तींनी लिहिलं आहे. तीनच दिवसांनी सुप्रीम कोर्टाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही. सरकारच्या अपिलावर शेवटचा शब्द सुप्रीम कोर्टाचाच असेल.

19 वर्षांनी मृतांच्या घरच्यांना मिळालं काय? हायकोर्टाचा निकाल कायम राहिला, तर उत्तर ‘काहीच नाही’ असं असेल. निकालानंतर चॅनेलांवर याचा राग न्यायाधीशांवर काढला गेला. मला तो पत्ता चुकीचा वाटतो.

बेड्या कुणाला: सरकारलाही

आतापर्यंतचं सगळं देशी कायद्याचं झालं. आंतरराष्ट्रीय मानवाधिकार कायदा म्हणजे मुख्यतः देशांनी स्वतःहून सह्या केलेले करार. त्यातला मध्यवर्ती करार नागरी आणि राजकीय हक्कांचा, 1966 चा. भारत त्यात 1979 मध्ये सामील झाला. हा करार भाबडा आहे अशी समजूत असेल, तर त्याचं चौथं कलम वाचावं. देशाच्या अस्तित्वावर संकट आलं तर सरकार काही हक्क तात्पुरते आवरू शकतं, असं ते उघडपणे मान्य करतं. फक्त ते कसं आवरायचं याला अटी आहेत.

| चौकट: संकटकाळात काय वाकतं, काय वाकत नाही |
|---|
| कधीच नाही: मनमानी पद्धतीने जीव घेणं, छळ, गुलामगिरी, कृत्य घडलं तेव्हा गुन्हा नसलेल्या गोष्टीसाठी शिक्षा, विचार आणि धर्माचं स्वातंत्र्य हिरावणं. |
| अटींवर वाकू शकतात: अटकेपासून संरक्षण, हिंडण्याफिरण्याचं आणि सभा घेण्याचं स्वातंत्र्य, खासगीपणा. |
| अटी: संकट जाहीर केलेलं असावं, उपाय संकटाला जेवढा लागतो तेवढाच असावा, वंश, धर्म, भाषा यांवरून भेद नसावा, इतर देशांना तसं कळवावं. |
| आपल्याकडे: आणीबाणीनंतर, 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने ठरलं की कोणत्याही आणीबाणीत अनुच्छेद 20 आणि 21 स्थगित करता येणार नाहीत. |

यातली ‘जेवढा लागतो तेवढाच’ ही अट कागदावर पोकळ वाटते. ती कशी चालते ते ब्रिटनमध्ये दिसलं. 11 सप्टेंबर 2001 च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर ब्रिटिश सरकारने कायदा केला, की दहशतवादाचा संशय असलेल्या पण मायदेशी पाठवता न येणाऱ्या परदेशी माणसाला खटल्याशिवाय बेमुदत डांबता येईल. त्यातले बरेच जण लंडनच्या बेलमार्श तुरुंगात होते. डिसेंबर 2004 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या नऊपैकी आठ न्यायाधीशांनी हे तशीच अट असलेल्या युरोपीय मानवाधिकार कराराच्या विरुद्ध ठरवलं. धोका आहे हे त्यांच्यातल्या बहुतेकांनी सरकारच्या शब्दावर मानलं. त्यांचे प्रश्न वेगळेच होते, अगदी व्यवहारी. हा माणूस दुसऱ्या कुठल्या देशाने घेतला तर विमानात बसून जायला मोकळा आहे. मग तो इतका घातक कसा? आणि धोका ब्रिटिश नागरिकांकडूनही आहे असं सरकारच म्हणतं, तर त्यांना न डांबता काम चालतं, परदेश्यांनाच का डांबावं लागतं?

सात महिन्यांनी, 7 जुलै 2005 ला, लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट होऊन 52 प्रवासी मरण पावले. चार आत्मघाती हल्लेखोरांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले होते. भेदभाव हा अन्याय असतो हे आपण नेहमी ऐकतो; तो चुकीच्या दिशेला पाहायला लावतो, हे या तारखांवरून कळतं.

आर्थर रोड आणि ग्वांटानामो

छळाला कधीच परवानगी नाही, या नियमावर सगळ्यात जोरदार आक्षेप घेतला जातो तो असा: टिकटिकणारा बॉम्ब कुठे आहे हे एकाच माणसाला ठाऊक असेल, तर? कल्पनेतल्या बॉम्बपेक्षा प्रत्यक्षात काय घडलं ते पाहिलेलं बरं.

11 सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद 1 मार्च 2003 ला रावळपिंडीत पकडला गेला. सीआयएने त्याला गुप्त तुरुंगांत ठेवलं आणि नाकातोंडात पाणी ओतून गुदमरवण्याचा प्रकार त्याच्यावर 183 वेळा केला. 2006 मध्ये तो अमेरिकेच्या ग्वांटानामो तुरुंगात आला. तेव्हापासून लष्करी न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं वाद चालला तो प्रामुख्याने एकाच मुद्द्यावर: छळानंतर मिळालेला कुठला शब्द पुरावा म्हणून चालेल? 2024 मध्ये गुन्हा कबूल करून फाशी टाळण्याचा समझोता झाला, तो संरक्षणमंत्र्यांनी मागे घेतला, आणि जुलै 2025 मध्ये अपील कोर्टाने समझोता रद्दच ठेवला. म्हणजे ज्या हल्ल्यात तीन हजारांच्या आसपास बळी गेले, त्यातल्या या अटकेला 22 वर्षं उलटली, आणि खटल्याची साक्षीपुराव्याची सुनावणी सुरूही झालेली नव्हती.

कसाब 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री पकडला गेला आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फासावर गेला. मध्ये तीन कोर्टं आणि दोन राष्ट्रपतींचा कार्यकाळ. चार वर्षं पुरी व्हायला पाच दिवस कमी.

तुलना पूर्ण सारखी नाही, हे कबूल केलं पाहिजे. कसाब घटनास्थळी, फोटोत होता. खालिद दूर बसून आखणी करणारा होता. शिवाय फाशीची शिक्षा असावी का, हा वेगळाच वाद आहे आणि त्यात मी इथे शिरत नाही. पण ‘हक्कांमुळे उशीर होतो’ हे वाक्य या दोन खटल्यांपुढे ठेवून पाहावं. जिथे हक्क पाळले तिथे निकाल लागला. जिथे ते झुगारले, तिथे बळींचे नातेवाईक अजून कोर्टाच्या तारखा मोजताहेत.

आणि बळींचे हक्क?

मानवाधिकार कायद्याला बळी दिसत नाहीत, हा समज खोटा आहे. जगण्याच्या हक्काचे दोन भाग आहेत: सरकारने उगाच कुणाला मारू नये, आणि लोकांना मारलं जाऊ नये म्हणून सरकारने झटावं. सप्टेंबर 2004 मध्ये रशियातल्या बेस्लान गावच्या शाळेत दहशतवाद्यांनी हजाराहून अधिक मुलं, पालक, शिक्षक ओलीस धरले. 330 हून अधिक माणसं मेली, त्यांत 186 मुलं होती. युरोपीय मानवाधिकार न्यायालयात सरकारला खेचलं ते नातेवाइकांनी. 2017 मध्ये निकाल लागला, की हल्ल्याची पूर्वसूचना असूनही सरकारने पुरेशी पावलं उचलली नाहीत, आणि ओलीस आत असताना रणगाड्याच्या तोफा व ज्वालाफेकी शस्त्रं वापरली. म्हणजे गुप्तवार्ता मिळूनही हलगर्जी करणं हासुद्धा मानवाधिकाराचा भंग ठरतो.

जामीन: जिथे दगडच मिळत नाही

26/11 नंतर सुमारे तीन आठवड्यांत संसदेने बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा (यूएपीए) कडक केला. पोलिसांपुढची कबुली ग्राह्य धरण्याची तरतूद त्यात घेतली नाही. एवढा धडा शिकला गेला होता. पण आरोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढली, आणि आरोप ‘प्रथमदर्शनी खरे’ वाटत असतील तर जामीन नाही, असं कलम आलं. 2019 च्या वटाली निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची चिरफाड करायची नाही, सरकारी पक्षाची कागदपत्रं आहेत तशी पाहायची. 2021 मध्ये के. ए. नजीब खटल्यात त्याच कोर्टाने जरा वाट काढली: खटला लवकर संपण्याची आशा नसेल आणि माणूस वर्षानुवर्षं आत असेल, तर अनुच्छेद 21 साठी जामीन देता येतो.

माझ्या मते आजची खरी दुखरी जागा ही आहे. स्वच्छ नकाशा खटल्यात उघडा पडला, कारण खटला चालला. खटलाच सुरू होत नसेल आणि जामिनाच्या वेळी कागद उलटून पाहायचा नसेल, तर खरा आरोपी आणि चुकून धरलेला माणूस एकाच बराकीत सारखेच म्हातारे होतात. एल्गार परिषद प्रकरणात यूएपीएखाली अटक झालेल्या 84 वर्षांच्या फादर स्टॅन स्वामी यांना कंपवात होता. 5 जुलै 2021 ला मुंबईतल्या रुग्णालयात, जामिनाची सुनावणी बाकी असताना, ते गेले. त्यांच्यावरचे आरोप खरे होते की खोटे, हे कुठल्याही कोर्टाने कधीच तपासलं नाही.

परदेशी कोर्ट काय विचारतं

कोठडीतल्या छळाची आणखी एक किंमत आपण एका अनपेक्षित ठिकाणी मोजतो. डिसेंबर 1995 मध्ये बंगालच्या पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकली गेली. ते विमान काही दिवसांनी मुंबईत उतरवलं गेलं, पण मुख्य संशयित, किम डेव्ही नावाने वावरणारा डॅनिश माणूस, विमानतळावरून निसटला. डेन्मार्क सरकार त्याला द्यायला तयार झालं होतं. डॅनिश कोर्टाने 2011 मध्ये नाही म्हटलं आणि 2024 मध्ये पुन्हा नाही म्हटलं, कारण भारतात त्याचा छळ होण्याची भीती आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. हे अशा वेळी परदेशी वकिलांच्या हाती आयतं मिळतं. उलट 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला अबू सालेम 2005 मध्ये पोर्तुगालहून आला, तो फाशी नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त कैद नाही असा शब्द दिला म्हणून. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला बजावलं, की तो शब्द पाळावा लागेल.

कसाबच्या निकालातला एक नियम

सुप्रीम कोर्टात कसाबच्या बाजूने राजू रामचंद्रन यांनी युक्तिवाद केला. कोर्टानेच त्यांना नेमलं होतं. अटकेनंतर सुरुवातीच्या काळात कसाबला वकील नव्हता, म्हणून सगळा खटलाच बाद ठरतो, हा त्यांचा एक मुद्दा होता. न्यायमूर्ती आफताब आलम आणि सी. के. प्रसाद यांनी तो कसाबपुरता फेटाळला. वकील देऊ केला असताना त्यानेच नाकारला होता, त्याला पाकिस्तानी वकील हवा होता. पण मुद्दा त्यांनी तिथेच सोडला नाही. आरोपी पहिल्यांदा समोर आणला जाईल तेव्हा, ‘तुला वकील घेण्याचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने मिळेल’ हे त्याला सांगणं आणि तो देणं, हे देशातल्या प्रत्येक मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य असल्याचं त्यांनी लिहिलं, आणि त्यात कसूर झाली तर खात्याअंतर्गत कारवाई होईल असंही बजावलं. कुर्ल्याला मोबाइल चोरल्याच्या संशयावरून पकडलेल्या पोराला आज रिमांडसाठी उभं केलं, तर हा नियम त्यालाही लागू आहे. तो पाळला जातो का, हे कुठल्याही सकाळी रिमांडच्या वेळी कोर्टात मागच्या बाकावर बसून पाहता येतं; सुनावणी खुली असते.